रॅडिकल सिस्टेक्टॉमीच्या जुन्या फाइलींवर थिसिस: गुंतागुंत कशी मोजायची?

नवा_रजिस्ट्रार

डीएनबी युरोलॉजीचा थिसिस आहे. विषय ढोबळ ठरलाय: मूत्राशयाच्या कर्करोगासाठी केलेल्या रॅडिकल सिस्टेक्टॉमीचे (मूत्राशय पूर्ण काढण्याच्या ऑपरेशनचे) परिणाम, मागच्या दहा वर्षांच्या फाइली काढून. सव्वाशेच्या आसपास केसेस निघतील. बहुतेक इलियल कॉन्ड्यूट (आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावरच्या पिशवीत), पंधरा-वीस निओब्लॅडर (आतड्याचं नवं मूत्राशय). शेवटच्या तीन वर्षांत तीसेक रोबोटिक, बाकी सगळ्या ओपन.

सिनॉप्सिसमध्ये चार उद्दिष्टं टाकलीत: ९० दिवसांतली गुंतागुंत, पाच वर्षांचं सर्व्हायव्हल, ओपन विरुद्ध रोबोटिक तुलना आणि जीवनमान. गाइड म्हणतात, क्लॅविएन (उपचार किती मोठा लागला त्यावरून गुंतागुंतीला ग्रेड देण्याची पद्धत) लाव आणि पुढे जा. पण अडतंय ते असं. डिस्चार्ज कार्डावरून ग्रेड काढले तर चालतील का? फाइली आहेत तेवढ्याच आहेत, मग सॅम्पल साइझचं गणित कशाचं दाखवायचं? वर्षभरानंतर बरेच पेशंट ओपीडीला येतच नाहीत, त्यांचं काय करायचं? आणि चारही उद्दिष्टं ठेवू का?

स्टोमावाले

डिस्चार्ज कार्डावरून अजिबात नको. "पोस्ट-ऑप पीरियड अनइव्हेंटफुल" हे वाक्य पाचव्या दिवशी पुन्हा रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकलेल्या पेशंटच्या कार्डावरही बिनदिक्कत सापडतं. गुंतागुंतीचा माग चार ठिकाणी लागतो: औषधांचा तक्ता, नर्सिंगचा इनटेक-आउटपुट चार्ट, ब्लड बँकेच्या स्लिपा आणि ओटी रजिस्टर. अँटिबायोटिक कुठल्या दिवशी बदललं, टीपीएन (शिरेतून पोषण) कधी सुरू झालं, रात्री अकरा वाजता पेशंट पुन्हा ओटीत का गेला, हे तिथे दिसतं. त्यातही औषधांचा तक्ता सगळ्यात प्रामाणिक, कारण तो बिलाशी जोडलेला असतो.

एक नमुना फाइल डोळ्यासमोर आणा. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ७.४, पीसीव्हीची (रक्तपेशींची) एक पिशवी. पाचव्या दिवशी पोट फुगलं, उलट्या, रायल्स ट्यूबमधून १२०० मिली. सातव्या दिवशी टीपीएन. बाराव्या दिवशी युरेटरिक स्टेंट (मूत्रवाहिनीतल्या नळ्या) काढले, चौदाव्या दिवशी थंडी-ताप, क्रिएटिनिन १.१ वरून २.३, सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली, लोकल भूल देऊन पीसीएन (पाठीतून किडनीत नळी). कार्डावर फक्त "उजवी पीसीएन केली" एवढंच. तुमच्या शीटमध्ये मात्र तीन घटना यायला हव्यात: रक्त चढवलं (ग्रेड २), टीपीएन लागलेला इलियस म्हणजे मंदावलेली आतडी (ग्रेड २), अडथळा आणि पीसीएन (ग्रेड ३अ). शेवटच्या घटनेतला ताप, अँटिबायोटिक आणि वाढलेलं क्रिएटिनिन वेगळं मोजायचं नाही. एका कारणाची ती साखळी आहे. दोन रजिस्ट्रार स्वतंत्रपणे ग्रेड देतात तेव्हा सर्वांत जास्त मतभेद इथेच होतात, म्हणून "एक घटना म्हणजे काय" हे आधी लिहून ठेवा.

आता फक्त सर्वोच्च ग्रेड दाखवला तर हा पेशंट "३अ". ज्याला निव्वळ पीसीएन लागली आणि बाकी काही झालं नाही तोही "३अ". दोघांचा मुक्काम सारखा नव्हता, त्रासही नाही. यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह कॉम्प्लिकेशन इंडेक्स वापरा. प्रत्येक घटनेला ठरलेलं वजन असतं: ग्रेड १ ला ३००, २ ला १७५०, ३अ ला २७५०, ३ब ला ४५५०, ४अ ला ७२००, ४ब ला ८५५०. सगळ्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ, भागिले २. मृत्यू म्हणजे थेट १००. वरच्या पेशंटचा आकडा: १७५० + १७५० + २७५० = ६२५०, वर्गमूळ ७९.१, निम्मे ३९.५. निव्वळ पीसीएनवाल्याचा २६.२. फरक दिसला ना?

नेहमी घोळ होणाऱ्या जागा:

ऑपरेशन चालू असताना दिलेलं रक्त क्लॅविएनमध्ये बसत नाही, नंतर दिलेलं बसतं. बऱ्याच फाइलींत भूलतज्ज्ञाने सुरू केलेली पिशवी रिकव्हरीत संपते. वेळ कुठली धरायची ते ठरवा.

कॉन्ड्यूटमधल्या लघवीचं कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणून यूटीआय लिहू नका. तिथे जंतूंची वस्ती नेहमीचीच. ताप किंवा कमरेत दुखणं, सोबत कल्चर आणि त्यासाठी दिलेलं औषध, एवढं असेल तरच घटना.

ड्रेन जास्त वाहतोय म्हणजे लघवीची गळतीच असं नाही. ड्रेनमधल्या द्रवाचं क्रिएटिनिन रक्तातल्यापेक्षा कित्येक पट असेल तर लघवी, जवळपास सारखं असेल तर लिम्फ. ही तपासणी फाइलीत नसेल तर "ड्रेन वाढलेला, कारण अनिश्चित" असा वेगळा कोड ठेवा.

जखम बेडवरच उघडून ड्रेसिंग केलं तर ग्रेड १. त्याच पेशंटची जखम फाटली आणि भूल देऊन शिवली तर ३ब. "वूंड इन्फेक्शन" या एकाच शब्दाखाली दोन्ही लपतात.

इलियसची सर्वमान्य व्याख्या नाही. "पाचव्या दिवसानंतरही तोंडाने घेता येत नाही, किंवा रायल्स ट्यूब पुन्हा टाकावी लागली" अशी काहीतरी एक धरा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

आणि हो, ९० दिवस. ३० नाही. स्टेंट काढल्यानंतरचा पायलोनेफ्रायटिस (किडनीचा संसर्ग), लिम्फोसील (साचलेलं लिम्फ), घरी गेल्यावरचा डीव्हीटी (पायातली रक्ताची गुठळी), यातलं बरंच काही महिन्यानंतर उघडकीला येतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगची २००९ ची मालिका पाहा: ११४२ पेशंट, ९० दिवसांत ६४ टक्क्यांना किमान एक गुंतागुंत, गंभीर ग्रेडची १३ टक्क्यांना, आणि पहिला क्रमांक आतड्यांचा. तेव्हा तुमच्या थिसिसमध्ये २० टक्के आले तर परीक्षकाने शाबासकी देण्याऐवजी फाइली तपासायला मागाव्यात.

आकडेमोड

स्टोमावाल्यांनी पहिलं उद्दिष्ट मार्गी लावलं, मी तुलना, सॅम्पल साइझ आणि सर्व्हायव्हलवर बोलतो.

तिसरं उद्दिष्ट, ओपन विरुद्ध रोबोटिक, काढून टाका. गंमत म्हणून हिशेब करू. ओपनमध्ये गुंतागुंत ६० टक्के धरली आणि रोबोटिकमध्ये ४५ टक्क्यांवर आली असं दाखवायचं असेल, तर ८० टक्के पॉवरसाठी (खरा फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी म्हणून) प्रत्येक गटात सुमारे १७० पेशंट लागतात. तुमच्याकडे तीस. दुसरं म्हणजे रोबोट आला त्याच सुमारास बाकी काय काय बदललं? लवकर जेवण सुरू करण्याचा प्रोटोकॉल, २८ दिवसांचं एनॉक्सापरिन (गुठळ्या होऊ नयेत म्हणून), बाऊल प्रेप (ऑपरेशनआधी आतडी साफ करणं) बंद होणं, कदाचित सर्जनसुद्धा. यातलं श्रेय कशाचं, हे सव्वाशे फाइलींतून वेगळं काढता येत नाही. प्रोपेन्सिटी स्कोअरचं (सारख्या पेशंटांच्या जोड्या लावायच्या पद्धतीचं) नाव घेऊ नका. जी गोष्ट फाइलीत लिहिलेलीच नाही तिची जुळणी स्कोअर करत नाही, आणि तीस पेशंटांना जोड्या शोधता शोधता वीस उरतील.

शिवाय हा प्रश्न मोठ्या चाचण्यांनी विचारून झालाय. अमेरिकेतली रेझर चाचणी, लॅन्सेट २०१८: ३५० पेशंट, दोन वर्षांनी रोग न वाढता जिवंत असलेले रोबोटिकमध्ये ७२.३ टक्के, ओपनमध्ये ७१.६ टक्के. ब्रिटनमधली आयरॉक, जामा २०२२, यात युरिनरी डायव्हर्जनही पोटाच्या आतच रोबोटने केलेलं: ९० दिवसांपैकी जिवंत आणि रुग्णालयाबाहेर काढलेले दिवस ८२ विरुद्ध ८०. जखमेची गुंतागुंत ५.६ विरुद्ध १६ टक्के, रक्ताच्या गुठळ्या १.९ विरुद्ध ८.३ टक्के. तुमचे तीस जण यात काय भर घालणार? त्यांचं वर्णन द्या, पी-व्हॅल्यू देऊ नका. आणि "रोबोटिकमध्ये ९० दिवसांत शून्य मृत्यू" असं निघालं तर लगेच ३ भागिले ३० करा. खरा दर १० टक्क्यांपर्यंत असू शकतो, एवढंच ते शून्य सांगतं.

सॅम्पल साइझ: तुमचा थिसिस तुलनेचा नाही, प्रमाण मोजण्याचा आहे. म्हणून अचूकतेचं गणित दाखवा. गुंतागुंत ६० टक्के अपेक्षित, दोन्ही बाजूंना १० टक्क्यांची मुभा, ९५ टक्के कॉन्फिडन्स: १.९६ चा वर्ग गुणिले ०.६ गुणिले ०.४, भागिले ०.१ चा वर्ग. ९३ पेशंट. तुमच्याकडे १२५ असतील तर मर्यादा ८.६ टक्क्यांवर येते. एथिक्स कमिटीला एवढं पुरतं आणि ते खोटंही नाही. आधी फाइली मोजून मग हवा तो आकडा येईपर्यंत सूत्र उलटं चालवणं, हा प्रकार कमिटीतल्या स्टॅटिस्टिशियनला लांबून ओळखू येतो.

सर्व्हायव्हलमध्ये पेशंट मोजून उपयोग नाही, मृत्यू मोजायचे. कॉक्स मॉडेलमध्ये (कुठल्या घटकाने मृत्यूचा धोका किती बदलतो ते यात निघतं) एका घटकामागे साधारण दहा घटना हा अंगठेनियम. पन्नास मृत्यू असतील तर पाच घटक: पीटी स्टेज (कर्करोग किती खोल गेलाय), लिम्फ नोड, मार्जिन (कापलेल्या कडेला कर्करोग आहे का), वय, हायड्रोनेफ्रोसिस (फुगलेली किडनी). बस. पंधरा घटक कोंबून "स्टेप-वाइज" चालवलं की सॉफ्टवेअर काहीतरी देतंच, पण दुसऱ्या सव्वाशे फाइलींवर तेच पुन्हा येणार नाही.

दोन सापळे तेवढे सांगतो. एक, ॲडज्युव्हंट (ऑपरेशननंतरची) केमो मिळालेले विरुद्ध न मिळालेले अशी तुलना करायची हुक्की येईल. केमो मिळायला पेशंट आधी दीड-दोन महिने जगावा लागतो. लवकर दगावलेला प्रत्येक जण आपोआप "केमो नाही" गटात जमा होतो आणि केमो फार गुणकारी दिसते. घड्याळ ऑपरेशनपासून न चालवता ९० व्या दिवसापासून चालवा, तोवर जिवंत आणि रोगमुक्त असलेल्यांनाच घ्या आणि त्या दिवशी जो ज्या गटात होता तिथेच ठेवा.

दुसरा सापळा निओॲडज्युव्हंटचा, म्हणजे ऑपरेशनआधीच्या केमोचा. स्वॉग ८७१० या चाचणीत एमव्हॅक (चार औषधांची केमो) दिलेल्यांत ३८ टक्के पीटी० (काढलेल्या मूत्राशयात कर्करोग उरलेला नाही), न दिलेल्यांत १५ टक्के, आणि मध्यम आयुर्मान ७७ महिने विरुद्ध ४६. पण तिथे वाटणी केमोच्या आधी झाली होती. तुमची यादी ओटी रजिस्टरमधून येते. केमो चालू असताना ज्यांचा आजार वाढला किंवा किडनी बिघडली, ते ऑपरेशनपर्यंत पोचलेच नाहीत आणि तुमच्या यादीतही नाहीत. तेव्हा "निओॲडज्युव्हंटचा परिणाम" हे शब्द थिसिसमध्ये येऊ देऊ नका. "केमोनंतर ऑपरेशनपर्यंत पोचलेले" असं लिहा.

मूत्राशयाच्या कर्करोगाचे पेशंट साठी-सत्तरीचे, वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढलेले. हृदयाने किंवा फुप्फुसाने जाणारे पुष्कळ. अशा वेळी कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण "एक वजा कॅपलान-मायर" (कॅपलान-मायर म्हणजे सर्व्हायव्हलचा नेहमीचा आलेख) करून काढलं तर ते फुगतं. त्यासाठी इतर कारणांचे मृत्यू हिशेबात धरणारा क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स काढा. एकूण सर्व्हायव्हलला मात्र कॅपलान-मायर बरोबर, आणि खाली "किती जण उरले" ही ओळ हवीच. दहापेक्षा कमी उरले की आलेख तिथेच थांबवा, पुढची सपाट रेघ फसवी असते.

केसपेपर

मी रिसर्च कोऑर्डिनेटरच्या बाजूने लिहिते, कारण थिसिस अडकतात ते फोन आणि एक्सेलवर.

आधी परवानगी. नुसत्या जुन्या फाइली, नाव-गाव काढून, असं असेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीतून सूट मागता येते. ती कमिटी देते, गाइड देत नाहीत. पण पेशंटला किंवा नातेवाइकांना फोन करायचा म्हटलं की गोष्ट वेगळी. फोनवर काय बोलणार त्याचा मराठी-हिंदी मजकूर, तोंडी संमती कशी नोंदवणार, पेशंट गेलेला असेल तर कुणाशी बोलणार, हे सगळं अर्जात टाका. मंजुरीच्या आधी एकही फोन नको.

फोनवर "काही त्रास झाला का?" विचारलं की उत्तर येतं, "नाही हो, देवाच्या कृपेने बरं आहे." असं विचारा: "घरी गेल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत कुठल्याही दवाखान्यात रात्र काढावी लागली का? सलाइन, रक्त, नळी, पुन्हा ऑपरेशन?" तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये तीन दिवस सलाइन घेतलेला पेशंट तुमच्या रुग्णालयाच्या रेकॉर्डमध्ये ठणठणीत असतो. जमलं तर तिथल्या कार्डाचा फोटो मागवा. तोंडी आठवण आणि कागद यांना वेगवेगळे कोड द्या.

पेशंट गेला असेल तर तारीख विचारताना सण, पाऊस, घरातलं लग्न यांच्या आधाराने महिना पक्का करता येतो. मृत्यूचा दाखला मिळाला तर उत्तम, पण त्यातलं कारण जपून घ्या. "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" हे कारण नव्हे. शेवटच्या सहा महिन्यांत रोग परतल्याचा स्कॅन होता का, ते बघून दोघांनी मिळून ठरवा, नाहीच ठरलं तर "अनिश्चित" ठेवा.

फोन सगळ्यांना करा, एकाच ठरलेल्या पंधरवड्यात. फक्त हरवलेल्यांना फोन केला की मेलेल्यांची ताजी खबर लागते आणि जे ओपीडीला येत होते ते जुन्या तारखेला थांबतात. जिवंत माणसाची शेवटची तारीख म्हणजे तो खरंच जिवंत असल्याचं कळलं तो दिवस, अभ्यास बंद केला तो नव्हे. तरीही न सापडलेल्यांसाठी दोनदा हिशेब मांडा: एकदा ते सगळे शेवटच्या भेटीनंतर लगेच गेले असं धरून, एकदा सगळे आजवर जिवंत असं धरून. दोन आकड्यांतली दरी छापा. ती मोठी असेल तर पाच वर्षांऐवजी दोन वर्षांचं सर्व्हायव्हल द्या.

शीटबद्दल. तारीख एकाच साच्यात, नाहीतर ०५-०८ कधी मे होतो कधी ऑगस्ट. रिकामा चौकोन, शून्य आणि "माहीत नाही" या तीन वेगळ्या गोष्टी, "माहीत नाही"ला ९९९ द्या आणि विश्लेषणाआधी तो काढला का ते तपासा. नाहीतर कुणाचं तरी क्रिएटिनिन ९९९ निघतं आणि सरासरी आभाळाला भिडते. रंगाने माहिती साठवू नका, सॉफ्टवेअरला पिवळा रंग वाचता येत नाही. पेशंटसाठी एक शीट, घटनांसाठी दुसरी: एका पेशंटला चार घटना असतील तर चार ओळी, प्रत्येकीत दिवस, प्रकार, उपचार, ग्रेड. नाव आणि आयपीडी नंबरची किल्ली वेगळ्या फाइलीत, पासवर्ड लावून. रेडकॅप (संशोधनाची माहिती भरायचं सॉफ्टवेअर) मिळत असेल तर प्रश्नच नाही.

नवा_रजिस्ट्रार

सर, ताई, खूप आभार. तुलना काढतो. जीवनमानाचं काय? आणि रायल्स ट्यूब पुन्हा टाकली तर ग्रेड १ की २? दोन पेपरांत दोन उत्तरं सापडली.

स्टोमावाले

जीवनमान जुन्या फाइलींतून निघत नाही. ऑपरेशनच्या आधीचा आकडाच नाही, मग आज प्रश्नावली भरून घेऊन कशाशी ताडणार? वर ज्यांची प्रकृती बरी तेच फोन उचलणार. पुढच्या बॅचसाठी आत्ता सुरू करा: ईओआरटीसीची क्यूएलक्यू-सी३०, तिचं मराठी भाषांतर आहे, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आणि मग तीन, सहा, बारा महिन्यांनी. त्याऐवजी या थिसिसमध्ये किडनीचं कार्य घ्या. क्रिएटिनिन बहुतेक फाइलींत असतं, आणि युरेटर-आतड्याच्या जोडावरचं स्ट्रिक्चर (जोड अरुंद होणं) दुखल्याखुपल्याशिवाय किडनी घालवतं. फक्त लक्षात असू द्या, स्ट्रिक्चर शोधायला सोनोग्राफी लागते. ज्यांची दर सहा महिन्यांनी झाली त्यांच्यात ते जास्त सापडणार, म्हणून प्रत्येकाच्या स्कॅनची संख्याही नोंदवा.

रायल्स ट्यूब: क्लॅविएनच्या २००४ च्या मूळ तक्त्यात तिचं नाव नाही, म्हणून हा गोंधळ. मी ग्रेड २ धरतो.

आकडेमोड

मी १ म्हणेन. औषध नाही, रक्त नाही, टीपीएन नाही. मूळ व्याख्येत दोनसाठी यातलं काही लागतं.

स्टोमावाले

नाकात नळी घालून चार दिवस पडून राहिलेल्या माणसाला विचारा तो एक आहे का दोन. पण व्याख्येवर बोट ठेवलंत तर तुमचं बरोबर. @नवा_रजिस्ट्रार, यातलं काहीही घ्या, पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत लिहा, आणि निकालात "ग्रेड २ आणि वर" मोजताना दोन्ही पद्धतींनी किती येतात ते तळटीपेत द्या. गंभीर म्हणजे ३ आणि वरचे, त्यांच्यावर याने काहीच फरक पडत नाही.

केसपेपर

आणि ग्रेड देण्याआधी वीस फाइली दोघांनी एकमेकांना न दाखवता तपासा, कॅपा (दोघांचे ग्रेड किती जुळतात त्याचा आकडा) काढा. ०.६ च्या खाली आला तर फाइली तिथेच थांबवा, व्याख्यांचा कागद दुरुस्त करा आणि नव्या वीस घ्या. दुसरा तपासणारा शक्यतो त्या ऑपरेशनांत हात न घातलेला असावा. भूल विभागातला रजिस्ट्रार चांगला पडतो, चार्ट वाचायची त्याला सवय असते. त्याचं नाव प्रोटोकॉलमध्ये आत्ताच घाला, नंतर घालायचं म्हटलं तर कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.